ताईंचा न गावलेला कण

माझ्या थोरल्या मेव्हणीने उभा जन्म ज्या पाहुण्याची वाट पाहिली तो कधी आला नाही, तो येईल की नाही हे तिला माहीत नव्हतं, मुळात तो आहे की नाही हेही तिला माहीत नव्हतं, आणि तरीही तिच्याइतकी आनंदी बाई कुणकेश्वरापासून बांद्यापर्यंत कुठल्याही घरात सापडायची नाही, हे मी देवळाच्या पायरीवर हात ठेवून सांगायला तयार आहे. पायरी माझ्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे मला त्याचा फारसा त्रासही नाही.

दुकान म्हणजे पूजेचं साहित्य, नैवेद्याचे पेढे आणि झेरॉक्स. या तिन्हींचा एकमेकांशी काय संबंध, असं गिऱ्हाईक विचारतं. संबंध एवढाच, की तिन्ही मला जमत नाहीत. दुकानाच्या माडीवर ताई राहतात. ताई म्हणजे आमच्या हिची सख्खी मोठी बहीण. पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापक. आयुष्य सगळं मोठमोठ्या संस्थांमध्ये गेलं, आणि निवृत्त झाल्यावर दोन पेट्या, एक कॉम्प्युटर आणि एक भिंतीएवढा फळा घेऊन त्या आमच्याकडे उतरल्या. फळा जिन्यातून वर जाईना, म्हणून मी डोकं लढवून तो खिडकीतून चढवायला घेतला. तो अजून खिडकीतच आहे. अर्धा आत, अर्धा बाहेर. आतल्या अर्ध्यावर ताई गणितं करतात, बाहेरच्या अर्ध्यावर कावळे बसतात, आणि रस्त्याने जाणारे भाविक वर बघून नमस्कार करतात. मी त्यांना ताई म्हणतो, त्या मला भावोजी म्हणतात, आणि या नात्यातली जी काही चेष्टामस्करी असते ती आम्ही रोज सकाळी चहाबरोबर उरकून टाकतो. इतकी वर्षं बाहेर राहिल्यामुळे त्या पुस्तकात बोलतात तसं मराठी बोलतात. आमची ही त्यांच्याशी मालवणीत बोलते आणि त्या तिला पुण्याच्या आकाशवाणीसारखं उत्तर देतात. दोघींना त्यात काही विचित्र वाटत नाही.

त्यांचा विषय मला पहिल्यांदा कळला तो असा. विश्वात जे दिसतं त्याच्या कितीतरी पट न दिसणारं काहीतरी भरलेलं आहे. त्याला कृष्णद्रव्य म्हणतात. त्याच्या वजनाने आकाशगंगा एकत्र बांधलेल्या आहेत, नाहीतर त्या केव्हाच विस्कटल्या असत्या. ते कशाचं बनलेलं आहे हे कोणालाच ठाऊक नाही. ताईंचं म्हणणं, ते एका अगदी हलक्या, अगदी अबोल कणाचं बनलेलं असावं. तो सहसा कशाला धडकत नाही, कशाला चिकटत नाही, भिंतीतून जातो, कातळातून जातो. "आत्ता या क्षणी तुमच्या-माझ्या अंगातून जात असतील, भावोजी," त्या चहाचा कप खाली ठेवत म्हणाल्या. हिने माझ्या पोटाकडे पाहिलं. मी म्हटलं, "जाताहेत तर जाताना थोडं घेऊन जायला सांगा." ताई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. त्यानंतर आजतागायत हे वाक्य त्या दिवसातून एकदा म्हणतातच. दुपारी जेवण झालं, हात धुतला, गॅलरीत उभ्या राहिल्या, की, "आत्ता आपल्या अंगातून जात असतील, नाही?" दुसऱ्या घरी सुपारी खातात, तसं हे.

या कणाची सोयरीक एका मोठ्या सिद्धांतातून आलेली आहे. त्याचं नाव सुपरसिमेट्री. तो सिद्धांत म्हणतो, जगात जेवढे म्हणून कण आहेत त्या प्रत्येकाला एकेक जोडीदार आहे. ते जोडीदार अजून कोणी पाहिलेले नाहीत, पण असायला हवेत, नाहीतर हिशेब सुंदर दिसत नाही. हे ऐकल्यावर मी जी चेष्टा करायची ती केली. मी म्हटलं, "ताई, चराचरातल्या यच्चयावत कणांना तुम्ही जोडीदार बघून दिलेत, स्वतःसाठी तेवढं राहून गेलं." त्या म्हणाल्या, "भावोजी, जोडीदार जड असतात म्हणून सापडत नाहीत, असं आमच्यातले बरेच जण मानतात. मी मानत नाही. आमच्या घरात एक जड होता, तो लगेच सापडला." आणि चहा प्यायला लागल्या. त्या दिवशी मी भाकरी एक कमी खाल्ली. रात्री दोन जास्त खाल्ल्या, पण ते वेगळं.

मग हिग्ज बोसॉन. तो सापडला तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याला देवकण म्हटलं, आणि मी धंदेवाईक माणूस, मी फ्रेमवाल्याला फोन करून विचारलं की देवकणाचा फोटो आला आहे का, लहान साइजचे डझनभर पाठव. फ्रेमवाला म्हणाला, "कुठच्या गावचो देव तो?" हे मी पुढे कधीतरी ताईंना सांगितलं. एखादीने कपाळाला हात लावला असता. ताईंनी गंभीरपणे विचारलं, "मग आले का?" हिग्ज सापडल्याचा त्यांना आनंद झाला होता, पण लग्नाला जाऊन नवरीची धाकटी बहीण न भेटल्यावर होतो तसला. "हा थोरला," त्या म्हणत. "थोरला सगळ्यांनाच दिसतो. मला त्याच्या पाठचा धाकटा हवाय." त्यांच्या मते हिग्ज एक नाही, आणखी आहेत, आणि त्यातला एक हलका, लाजरा, कोपऱ्यात उभा राहणारा आहे. तो का हवा, तर ताईंचा कण विश्वाच्या सुरुवातीला वारेमाप झाला असणार. तो जितका उरला तितकाच उरायचा तर मधे कोणीतरी दोन-दोन कणांना भेटवून नाहीसं करणारा मध्यस्थ लागतो, आणि त्या मध्यस्थाचं वजन कणाच्या बरोबर दुप्पट लागतं. जरा इकडे तिकडे झालं की सगळं फिसकटतं. हे ऐकून ही म्हणाली, "आमच्याकडे मध्यस्त होते ते दुप्पट नाय, तिप्पट होते. माझ्या मामांका बगलस मा?" ताईंनी ते फळ्यावर लिहून घेतलं. अजून कोपऱ्यात 'मामा, तिप्पट' असं आहे.

ताईंची कच्ची कागदपत्रं माझ्याच मशीनवर छापली जातात आणि चुकलेली पानं खाली दुकानात येतात. मी त्यात उदबत्ती, कापूर, बेल बांधून देतो. मोठ्या संस्थांमधले लोक ज्या समीकरणांवर मान डोलवतात ती आमच्याकडून कोल्हापूर-बेळगावपर्यंत देव्हाऱ्यात गेलेली आहेत. एकदा एक भाविक तो कागद घेऊन परत आले. त्यावर सगळी ग्रीक अक्षरं. मला म्हणाले, "हे कसलं यंत्र आहे? रोज म्हणायचं का?" मला काय बुद्धी झाली कोण जाणे, मी म्हटलं, "सकाळी एकदा, मनातल्या मनात." ते श्रद्धेने घेऊन गेले. पुढल्या खेपेला आले तेव्हा म्हणाले, गुण आहे, मुलीचं जमलं. मी हे माडीवर जाऊन सांगितलं. ताईंनी पान कुठलं होतं ते विचारलं, मी खुणा सांगितल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काळजी दिसायला लागली. "त्यातलं तिसरं समीकरण चुकलेलं आहे, भावोजी. चिन्ह उलटं पडलंय. त्यांना सांगा, अधिक नाही, उणे." मी सांगितलं नाही. मुलीचं जमलेलं होतं.

त्यांची शोध घेण्याची रीत मात्र मला फार महागात पडली. ताई म्हणतात, काहीतरी दिसलं म्हणून लगेच हुरळायचं नाही. आधी ते कशाकशामुळे दिसू शकतं ते सगळं वजा करायचं. त्या सगळ्याला त्या 'गोंधळ' म्हणतात. गोंधळ वजा केल्यावर जे उरेल ते आपलं. एकदा घरातला खाजाचा डबा अर्धा झाला. खाजं म्हणजे आमच्या जत्रेतला गुळात घोळवलेला, आल्याच्या वासाचा प्रकार, आणि माझी साखर वाढलेली असल्यामुळे मला त्याची बंदी. मी फार जोरात शेजारच्यांच्या मांजराचं नाव घेतलं. ताई शांतपणे स्वयंपाकघरात गेल्या. मांजर वजा केलं, कारण झाकण फिरकीचं होतं. उंदीर वजा केले. मुंग्या वजा केल्या. ही वजा झाली, कारण तिला आलं सोसत नाही. स्वतःला त्यांनी अगदी प्रामाणिकपणे वजा केलं नाही, "माझ्यावर संशय राहू दे," म्हणाल्या, आणि मग माझ्या सदऱ्याच्या खिशाचा वास घेतला. ही म्हणाली, "ताई, आता ह्येंका जगातसून वजा कर."

आमच्या वाडीत फोनची रेंज धड येत नाही, म्हणून परदेशातल्या सहकाऱ्यांशी बोलायला ताई सड्यावर जातात. सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचा कातळाचा माळ. तिथे एक काजूचं झाड आहे, त्याच्या बुंध्याशी रेंज चांगली येते. मी मागून स्टूल आणि थर्मास घेऊन जातो. ताई स्टुलावर बसतात, मांडीवर कॉम्प्युटर, डोक्यावर काजूची सावली, आणि युरोपातल्या चार-पाच चेहऱ्यांशी इंग्रजीत कडाकडा भांडतात. काजू वेचणाऱ्या बायकांना वाटतं, बाईंची जमिनीची केस चालू आहे. एकदा एकीने मला बाजूला घेऊन विचारलं, "निकाल केदवा?" मी म्हटलं, "तारीख पडता."

आणि खरंच निकालाचीच वेळ आलेली होती. हे मला कळलं ते कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर काढलेल्या एका चित्रामुळे. ताईंनी मला एकदा त्यांच्या कणाची जागा काढून दाखवली होती. सुरुवातीला, त्या तरुण होत्या तेव्हा, तो कण कुठेही असू शकत होता. कागदभर जागा. मग खोल जमिनीखाली, खाणींमध्ये बसवलेली यंत्रं आली. एकेक यंत्र सांगे, इथे नाही. तेवढी जागा रंगवून टाकायची. मग थोरल्या हिग्जची तपासणी झाली. तो फुटताना काही चोरून नेतो का, ते बघितलं, आणि आणखी जागा गेली. "आधी सगळा मळा होता," मी आपल्या परीने म्हटलं, "मग शेताचा एक तुकडा, कुणगा उरला, मग नुसता बांध." "आता तुळशीवृंदावनाएवढा कोपरा आहे," ताई म्हणाल्या. बरोबरचे बहुतेक लोक दुसऱ्या कणांकडे निघून गेलेले. त्या कोपऱ्याच्या खाली त्यांनी पेन्सिलीने करडं करडं केलं होतं. ते काय, विचारलं. ते धुकं. सूर्याकडून न्यूट्रिनो नावाचे कण येतात, त्यांचाच तिथे इतका गोंधळ असतो की त्याच्याखाली काही असलं तरी कुठल्याही यंत्राला नीट दिसायचं नाही. आणि आता एक नवं यंत्र बरोबर त्या कोपऱ्यात बघत होतं. त्याचा निकाल दिवाळीनंतर होता.

निकाल जवळ आला तशा ताई जेवायच्या विसरायला लागल्या. दुपारचं ते वाक्य दोन दिवस आलं नाही. हिला ते सहन होईना. "माहेरच्या देवीकडे कौल लावूया," तिने जाहीर केलं. माझी सासुरवाडी आत डोंगराकडे आहे, भात आणि काजूचं गाव. तिथे लग्न, विहीर, हरवलेली म्हैस, सगळ्याला देवीचा कौल घेतात. देवीच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या लावायच्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. ताई नको म्हणतील असं मला वाटलं होतं. पण त्या म्हणाल्या, "विचारू या की. इतक्यांना विचारलं."

गुरव तापट. शिवाय त्याला घाई होती, मागे तीन माणसं खोळंबलेली, त्यात एक हरवलेल्या म्हशीचा मालक. मला म्हणाला, "जावयबापू, देवीक सगळा उलगडून सांगूक लागता. कोणाचा, कसला, खंय हरवला."

मी म्हटलं, "हरवला नाय. अजून गावलोच नाय."

"मगे तुमचो कशावरून?"

मी ताईंकडे पाहिलं. ताई म्हणाल्या, "हे मला परीक्षकांनीही विचारलं होतं." आणि खांबाला टेकून बसल्या. त्यांना मजा वाटत होती. मग मी त्या गुरवाला कृष्णद्रव्य, सुपरसिमेट्री आणि दोन्ही हिग्ज समजावून सांगितले. मला जेवढे कळले होते तेवढेच मी सांगितले, म्हणजे त्याला जेवढे कळले तेवढेच. त्याने एक कान चोळला आणि गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. गाऱ्हाण्याची रीत अशी, की गुरव वाक्य पुरं करतो आणि जमलेल्या सगळ्यांनी एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं.

"बा देवी म्हाराजा, आज ही तुझी माहेरवाशीण तुझ्या पायाकडे इली हा. हिना उभो जल्म एक बारीक कण शोधूक घालवलो. तो कोणाक दिसना नाय, कोणाक लागना नाय, कातळातसून जाता, पण सगळा आभाळ तेच्या आधारान उभा आसा, असा ही सांगता."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"तर तो आसात तर उजवो दी, आणि नसात तर..."

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो. एकटाच. वाक्य पुरं झालं नव्हतं. माझं एकट्याचं 'व्हय' बरोबर त्या 'नसात'वर जाऊन बसलेलं होतं. हिने मला जो चिमटा काढला त्याचा वळ दिवाळी संपली तरी होता.

गुरवाने माझ्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं, वाक्य पुरं केलं, आणि मग ताईंकडे वळला. तो सगळ्यांनाच विचारतो तो प्रश्न त्याने विचारला, म्हैसवाल्यालाही तो हेच विचारतो. "डावो इलो तर सोडतलात मां, बाय? देवीक इचारूचा आणि मगे आपलाच खरा करूचा, असा हंय चलना नाय."

ताई हसत होत्या त्या थांबल्या. खांबाचा टेका सोडून नीट बसल्या. इतका वेळ लागला की गुरवाचा मोबाइल वाजून बंदही झाला. मग त्या म्हणाल्या, "सोडीन."

पाकळ्या लावल्या. पडेनात. उजवी पडेना, डावी पडेना. एक मुंगी उजव्या पाकळीवर चढली आणि आम्ही सगळे तिच्याकडे श्वास रोखून पाहत राहिलो. मुंगी उतरून गेली. म्हैसवाला कुजबुजला, "ह्येंच्यापायी माझी म्हस खंयच्या खंय गेली आसतली." शेवटी गुरव म्हणाला, "देवी इचारात आसा. जत्रा झाल्यार येवा." परत येताना रिक्षात ताई म्हणाल्या, "भावोजी, सापडला तर काय, हे मला सगळे विचारतात. न सापडला तर सोडशील का, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं."

जत्रेच्या आधीच निकाल आला. सड्यावर ताईंना त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला, तो आता तिकडे युरोपात मोठा माणूस आहे. मी थर्मास घेऊन जरा लांब उभा होतो. ताई ऐकत होत्या, मान हलवत होत्या, आणि मग मोठ्याने हसल्या. दोनदा "ब्यूटिफुल" म्हणाल्या. माझं इंग्रजी तेवढं पुरेसं आहे. मी थर्मास काजूच्या बुंध्याशी ठेवला आणि खाली पळत सुटलो. दुकानातले नैवेद्याचे पेढे, परात भरून, मी रस्त्यात वाटले. भाविकांना वाटले, रिक्षावाल्यांना वाटले, फुलं विकणारीला वाटले. "आमच्या ताईंचा कण सापडला." कोणी काही विचारलं नाही, पेढ्याला कारण पुरतं. ताई सड्यावरून उतरून आल्या तोवर रस्ताभर लोक त्यांना हात जोडत होते. काजूवाली म्हणाली, "बाय, गावली जमीन. बरा झाला."

ताई दुकानाशी आल्या. परातीत पेढे राहिले होते थोडे. "कशाचे?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या कणाचे," मी म्हटलं, पण म्हणता म्हणताच मला त्यांचा चेहरा दिसला.

"तो गेला, भावोजी. कोपऱ्यात काही नाही." त्यांनी एक पेढा घेतला, खाल्ला. "ताजे आहेत. राहिलेले पण वाटा."

मग त्या दुकानातल्या स्टुलावर बसल्या. ब्यूटिफुल काय होतं, तर यंत्राचं काम. इतकं स्वच्छ, इतका गोंधळ नीट वजा केलेला, की त्यांना वाद घालायला जागाच ठेवली नव्हती. आणि हसल्या कशाला, तर विद्यार्थी म्हणाला होता, मॅडम, अजून वेळ गेलेली नाही, कणाचं थोडंसं इकडचं तिकडे करू, त्याला धुक्याखाली सरकवू. गणितात बसतं. तिथे कोणालाच दिसणार नाही, त्यामुळे तो नाही असंही कोणाला म्हणता येणार नाही.

"मग सरकवा ना," मी म्हटलं. जन्मात पहिल्यांदा मी त्यांना काहीतरी चेष्टा न करता सांगत होतो. "कोणाच्या बापाचं काय जातंय? राहू दे बिचारा धुक्यात."

"देवीला सांगितलंय, सोडीन."

"पण देवीने कुठे डावा दिला? ती तर विचारात आहे."

"हाच डावा," ताई म्हणाल्या. "जरा लांबून आला, एवढंच." आणि माडीवर गेल्या. मी परात घेऊन बाहेर उभा राहिलो. आतून हिने विचारलं, "काय झाला?" मी तिच्या हातात पेढा ठेवला. तिने तो खाल्ला नाही, पदराच्या टोकाला बांधला आणि जिना चढून गेली. बऱ्याच वेळाने वरून फळा पुसल्याचा आवाज आला. फक्त आतल्या अर्ध्याचा.

जत्रा झाल्यावर ताईच म्हणाल्या, देवीकडे जाऊ. गेलो तेव्हा पाषाणाला आधीच पाकळ्या लावलेल्या होत्या. एक म्हातारा शेतकरी सकाळपासून बसला होता, विहीर कुठे खणायची म्हणून. गुरव म्हणाला, "थांबा. विहिरीचा चालू आसा."

ताई म्हणाल्या, "मला विचारायचं नाही. सांगायचंय."

"सांगूचा आसात तर सांगा. तेका पाकळी लागना नाय."

मला वाटलं, गुरवच सांगेल आणि मी पुन्हा कुठेतरी चुकेन, म्हणून मी तोंड घट्ट मिटून घेतलं. पण ताई स्वतः उभ्या राहिल्या, डोक्यावरून पदर घेतला, हात जोडले, आणि जी भाषा त्यांच्या तोंडून मी लग्न झाल्यापासून कधी ऐकली नव्हती ती बोलायला लागल्या.

"आये, माका तो गावलो नाय. मी सांगितललंय थंय तो नाय. शोधणाऱ्यांनी बरो शोधलो, नीट शोधलो, तेंची काय चूक नाय. तुका म्हटल्यापरमाण मी सोडतंय. आता माझ्या मागसून जी पोरां शोधतत, तेंका तेंचो गावंदे. माझा काय चुकला माकला आसात तर पदरात घे."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. गुरव म्हणाला, म्हातारा म्हणाला, ही म्हणाली. माझं तेवढं सगळ्यांच्या मागून आलं, आणि तेही अर्धंच.

आणि त्याच क्षणी उजवी पाकळी पडली.

मी हिचा दंड धरला. ही देवीकडे बघत राहिली. मी पुढे होणार इतक्यात गुरव पाकळी उचलून शांतपणे म्हणाला, "विहिरीचो," आणि ती म्हाताऱ्याच्या हातावर ठेवली. म्हातारा उठून लगबगीने गेला. ताई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. निदान मी तरी ते हसण्याचंच धरलं. "भावोजी, खाजं आठवा. आधी वजा करायचं," त्या म्हणाल्या. "तुम्ही तर आज पुन्हा पेढे वाटले असते."

हल्ली त्या पूर्वीसारख्या जेवतात. फळ्यावर आता दुसऱ्याच कोणाचं तरी गणित असतं, विद्यार्थी पाठवतात ते तपासून देतात. 'मामा, तिप्पट' तेवढं ठेवलंय. सड्यावर जायचं काही कारण राहिलेलं नाही, तरी जातात, आणि मी स्टूल घेऊन मागे जातो. परवा असेच बसलो होतो. खाली समुद्र होता, होड्या परत येत होत्या. ताईंनी थर्मासचं झाकण उघडलं आणि सवयीने सुरुवात केली, "आत्ता आपल्या अंगातून..." आणि थांबल्या. चहा ओतायचंही थांबल्या.

मला काहीतरी गमतीचं बोलायचं होतं. पोटाचं ते जुनं वाक्य तयारही होतं. ते बाजूला ठेवून मी म्हटलं, "जात असतील ना, ताई. कोणीतरी जातच असेल."

त्यांनी माझ्या कपात चहा ओतला. मग स्वतःच्या.

"जाताहेत, भावोजी," त्या म्हणाल्या. "माझे नव्हेत, एवढंच."